कोबो टूलबॉक्स कारखान्यात कितपत चालतं?

कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत आणि हाताशी निधी बेताचा, तर कोबो टूलबॉक्स हे फोनवर सर्वेक्षण करायचं साधन डोळे झाकून घ्या. फॉर्म एक्सेलमध्ये बनतो, अँड्रॉइड फोनवर उतरवला की नेटशिवाय चालतो, त्यामुळे शेडमध्ये रेंज नसली तरी काम अडत नाही. कायम कामगारांचे प्रश्न कंत्राटी कामगाराला दिसणारच नाहीत, अशी सोय करता येते. एकाच फॉर्मात दोन-तीन भाषा राहतात. इथवर पैकीच्या पैकी गुण.

पण हे साधन घडलं हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये, आपत्तीतल्या मदतकार्यासाठी. घरात बसून माहिती घेताना पाठीशी सुपरवायझर उभा नसतो, कारखान्यात असतो. फोन पुढे केला की कामगाराचा पहिला प्रश्न, "यात माझं नाव जातंय का?" नाही म्हटलं तरी नजर आधी केबिनकडे जाते. मग पाच पर्यायांच्या प्रत्येक प्रश्नाला 'सहमत'. पगार वेळेवर होतो? सहमत. सुपरवायझर ऐकून घेतो? सहमत. सुरक्षेची साधनं मिळतात? हातमोजा दोन बोटांवर फाटलेला, तरी सहमत. अ‍ॅप तेही इमानेइतबारे सर्व्हरवर पोचवतं.

म्हणून मी मत कमी आणि घडलेलं जास्त विचारते. मागच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा कुणाला सांगितलंत? नोंद कुठे झाली? मुंबईजवळच्या कापड कारखान्यांवरचा, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही व्यवस्थापनाच्या 38 कार्यपद्धती 'आहे की नाही' एवढंच तपासतो. कंपन्या मात्र त्यांनाही 17 च मिळाल्या. दार उघडणारे मालक थोडेच, त्याला अ‍ॅप काय करणार?

दोन गोष्टी सेटिंगच्या. पाठवलेले फॉर्म फोनमध्ये राहू शकतात, तेव्हा पाठवल्यावर पुसण्याचा पर्याय सुरू करा. संध्याकाळी एचआरवाले हसत हसत "बघू तरी, काय म्हणतायत आमचे लोक" असं म्हणतातच. मुलाखतीचा आवाज मागच्या मागे टिपण्याची सोय दर्जा तपासायला उत्तम, पण कामाच्या जागी मी ती बंद ठेवते. आवाज ओळखणारी माणसं तिथेच असतात.

आणि ऑफिसने दिलेली नावं फॉर्ममध्ये चढवण्याआधी शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून डोकी मोजा. ठेकेदाराची माणसं मस्टरवर बहुधा नसतात.