छोट्या विमानातली मळमळ : पट्टा, आलेपाक, गोळी आणि बरंच काही, अनेक महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळा संपल्यापासून बारामतीला सेसना १७२ वर उडायला शिकते आहे. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक सॉर्टीत, म्हणजे सरावाच्या उड्डाणात, पोटात ढवळायचं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडायचं असतं, त्यामुळे दुकानात मिळणारं आणि सीनियर मुलांनी सांगितलेलं सगळं नेटाने वापरून पाहिलं. ज्यांना गाडी लागते आणि तरी वैमानिक व्हायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मनगटाचा पट्टा : इलॅस्टिकला प्लास्टिकचं बटण असतं. ते मनगटाच्या आतल्या बाजूला, पहिल्या रेघेपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांच्या मधोमध दाबून बसवायचं. शांत हवेत बरं वाटलं, पण शांत हवेत पट्ट्याशिवायही बरंच वाटतं. हवा उसळायला लागली की काही उपयोग नाही. घामाने इलॅस्टिकही सैल झालं. पुन्हा घेणार नाही.

आलेपाक : हा मात्र बॅगेत कायम असतो. मळमळ पूर्ण थांबत नाही, पण तोंडाला सुटणारं पाणी कमी होतं. उड्डाणाआधी अर्धा तास एक वडी आणि थोडेसे कोरडे पोहे किंवा पोळी. उपाशी पोटी गेलात तर जास्त त्रास होतो. वडापाव खाऊन गेलात तर त्याहून जास्त.

अ‍ॅव्होमिन : गोळी काम करते, यात शंका नाही. पण मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही, आधी घ्यावी लागते आणि झोप येते. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याची सॉर्टी बघायची होती तेव्हा घेतली. उलटी झाली नाही, पण तोंड कोरडं पडलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. अशा डोक्याने कंट्रोल्स हातात घेणं धोक्याचं आहे, म्हणून उडवणाऱ्याने ही गोळी घेऊच नये. प्रवासी म्हणून जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी. दोन वर्षांखालच्या बाळांना मात्र ती देत नाहीत.

आता खरा फरक कशाने पडला ते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी लवकरचा स्लॉट मिळाला की हवा इतकी स्थिर असते की ट्रिम (विमानाचं नाक हवं तिथे स्थिर ठेवणारं चाक) लावून हात सोडला तरी विमान सरळ जातं. अकरानंतर नांगरलेली काळी रानं तापतात, त्यांच्यावरून विमान वर ढकललं जातं. लगेच पुढे पाणी दिलेला ऊस लागतो आणि विमान खाली बसतं. वर, खाली, वर, खाली. एप्रिलमधल्या दुपारी हे सतत चालतं. तेव्हा भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर गेलं की जीव शांत होतो.

दुसरी गोष्ट नजर आणि मान. स्टीप टर्नमध्ये, म्हणजे विमान ४५ अंश कलवून घेतलेल्या वळणात, मी मांडीवरची चेकलिस्ट बघायला मान खाली घालायचे आणि तिथेच घात व्हायचा. विमान वळत असताना मान दुसऱ्याच दिशेला हलवली, तर कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका मेंदूला भलताच निरोप देतात. आता चेकलिस्ट डोळ्यांसमोर धरते, मान न हलवता डोळेच फिरवते आणि बाकी वेळ क्षितिज. मागच्या सीटवर सगळ्यात वाईट वाटतं ते याचमुळे : क्षितिज नीट दिसत नाही आणि विमान आता कुठे वळणार हे आधी कळत नाही. स्वतः उडवताना ते शरीराला आधीच ठाऊक असतं.

तरीही सुरू झालंच तर? माझ्या बाबतीत पहिली खूण जांभई. मग तळहातांना गार घाम. जांभई आली की तेव्हाच इन्स्ट्रक्टरना सांगते, घाम फुटेपर्यंत थांबत नाही. विमान सरळ, समांतर. काचेच्या वरच्या कोपऱ्यातली हवेची नळी ओढून थेट चेहऱ्यावर गार झोत. डोकं सीटला टेकवून दूर बघायचं, खोल आणि सावकाश श्वास. पिशवी खिशात नको, हाताशी हवी, आणि ती वापरायची लाज अजिबात नको. हवाई दलातही हा त्रास होतोच. त्यांच्या बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये अशा वैमानिकांना हळूहळू सवय लावून पुन्हा उडवतात. एवढ्या मजबूत माणसांना होतं, तर शिकाऊ मुलांना कोणी नाजूक म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

सवय हेच सगळ्यात मोठं औषध, पण ते रोज घ्यावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आले तेव्हा मिळवलेलं बरंचसं गेलं होतं. म्हणून मोठ्या खंडानंतरची पहिली सॉर्टी सकाळची आणि छोटी मागून घ्या, त्यात सर्किट्सच (धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरणं) करा. स्टीप टर्न आणि स्टॉल (नाक वर करून पंखांची उचल संपू देण्याचा सराव) पुढच्या दिवसांवर ठेवा. इन्स्ट्रक्टरना कारण सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने तसा बदल करून देतात.