साडेआठशे रुपयांचा ऑइल प्रेशर मीटर, आठ महिन्यांनंतर

डिसेंबरमध्ये नाशिकच्या अंबडमधल्या एका हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानातून हा मीटर घेतला. मेकॅनिकल, अडीच इंची डायल, आत ग्लिसरीन, शून्य ते सात किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो). कारखान्यात प्रेसवर दिसतो तसलाच. किंमत ८५० रुपये. मोटरसायकलसाठी तो बनलेलाच नाही हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या तक्रारी त्या हिशेबाने वाचाल.

गाडी तीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, सात वर्षं जुनी, ५२,००० किलोमीटर पळालेली. तिचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ऑक्टोबरात मुंबईहून येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. गाडी अजून चालूच होती आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. जरा रेस दिली की गायब, सोडली की परत. तिथेच गाडी सरळ उभी करून इंजिनच्या काचेत ऑइलची लेव्हल पाहिली, बरोबर होती. घरी येऊन ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का तेही पाहिलं, कारण पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झालं तरी प्रेशर पडतं. वास नव्हता.

पहिल्या गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला. आठ दिवस दिवा लागला नाही, नवव्या दिवशी द्वारका सर्कलच्या जाममध्ये परत लुकलुकला. दुसऱ्याने तर गाडीला हात न लावता निकाल दिला, ‘क्रँकच्या शेल गेल्या भाऊ, इंजिन उतरवावं लागेल, पस्तीस हजार धरून चाला.’ (शेल म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमधल्या धातूच्या पातळ वाट्या.) प्रेशर मोजलं कुणीच नाही. मोजणार कशाने? पहिला गॅरेजवाला ज्याला सेन्सर म्हणतो तो एक साधा स्विच असतो. प्रेशर नसेल तेव्हा तो तारेला इंजिनच्या बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत साधारण पाव ते अर्धा किलो प्रेशर झालं की तो सुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे विझलेला दिवा ‘प्रेशर अगदीच शून्याजवळ नाही’ एवढंच सांगतो. चार किलो आहे की पाऊण, हे त्याला कळत नाही.

म्हणून मीटर. आणि मीटर लावतानाच पहिला घोळ झाला.

स्विच काढून त्याच भोकात मीटरचं निप्पल फिरवायचं, इतकं सोपं वाटलं होतं. दीड-दोन आटे छान गेले, मग घट्ट. पाना लावणार एवढ्यात शेजारच्या गाळ्यातले लेथवाले काका म्हणाले, ‘थांबा. हे आटे आपले नाहीत. जोर लावला तर केस फुटंल.’ त्यांनी दोन्ही तुकड्यांवर थ्रेड गेज ठेवून दाखवला. स्विचवर इंचाला २८ आटे, निप्पलवर २७. दोन्ही ‘एक अष्टमांश’च, दोन्ही निमुळते, पण एक ब्रिटिश पाइप थ्रेड ५५ अंशांचा आणि दुसरा अमेरिकन ६० अंशांचा. नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही, हाताला मात्र दुसऱ्या आट्यानंतर कळतो. काकांनी पितळेचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, कातून दिला, एका तोंडाला स्विच आणि दुसऱ्याला मीटरची नळी. ३०० रुपये घेतले. हे लोक सातपूर-अंबडला आहेत म्हणून नाशिककरांचं बरं चाललंय. ऑनलाइन मागवलेल्या अडॉप्टरच्या भरवशावर मी राहिलो असतो तर आज इंजिनाची केस वेल्डिंगला असती. मीटर थेट टीवर टांगू नका, हेही त्यांचंच. एवढं वजन इंजिनच्या हादऱ्याने हलत राहिलं की निप्पल तुटतं. नळी घ्यायची आणि मीटर हँडलला बांधायचा.

दुसरा घोळ माझा. टीला टेफलॉन टेप सढळ हाताने गुंडाळली. चावी फिरवली, तर इंजिन बंद असताना लागायला हवा तो दिवा लागेचना. स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं आणि मी आट्यांना टेपचा रेनकोट घातला होता. टेप काढली, थोडं लिक्विड सीलंट लावलं, दिवा आला. लिहितोय अशासाठी, की अशा वेळी ‘दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक’ असं समजून माणूस निवांत फिरत राहतो.

आता आकडे. गाडी गार असताना आयडलला, म्हणजे रेस न देता, साडेतीन किलो. त्र्यंबकपर्यंत जाऊन आल्यावर गरम आयडलला ०.४. चार हजार आरपीएमला २.२. इथवर पाहून मलाही दुसऱ्या गॅरेजवाल्याचं पटायला लागलं होतं. पण सहा हजारांवर गाडी धरून ठेवली की काटा वर जायचा आणि मग हळूहळू घसरत दीडवर यायचा. हे मात्र त्याच्या निदानात बसत नव्हतं.

ते का बसत नाही, याला महिनाभर डोकं लावलं. पंप ऑइल नुसतं ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटींतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. शेल झिजल्या तर फट वाढते. मग गरम आयडलला काटा पडतो, पण रेस वाढवली की ढकललं जाणारं ऑइलही वाढतं आणि काटा पाठोपाठ चढतो. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप, वेळेआधीच उघडत असेल तर काटा एका आकड्याशी जाऊन थांबतो, गाडी गार असो की गरम. माझा काटा चढून खाली येत होता. म्हणजे पंपाला ढकलायला पुरेसं ऑइलच पोचत नसणार.

मधल्या काळात एका मित्राच्या सल्ल्याने १०डब्ल्यू४० ऑइल काढून त्याहून जाड २०डब्ल्यू५० ओतलं. (त्याआधी दुसऱ्याने कारचं ऑइल सुचवलं होतं. ते कृपया करू नका. आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा पाहूनच घ्या, नाहीतर क्लच घसरायला लागतो.) गरम आयडल ०.४ वरून ०.६ झालं, दिवा लुकलुकायचा बंद झाला, मी खूश. मग जानेवारीतली ती थंडी आली. निफाडला पारा पडला की इकडे सिडकोतही सकाळी हात बाहेर काढवत नाहीत. सकाळी सहाला गाडी चालू केली, तीन हजारांवर नेली. काटा चारवर गेला, थरथरला आणि दोनवर आपटला. गार, जाड ऑइल असताना प्रेशर जास्त हवं, इथे ते पडत होतं. जाड ऑइल अरुंद तोंडातून ओढायला कठीण जातं. पंपाच्या सक्शनलाच काहीतरी अडलंय, यात आता शंका उरली नाही.

सायलेन्सर उतरवला, ऑइल काढलं, चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलला. सक्शनच्या जाळीवर करड्या सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले, चघळून टाकलेल्या चिंगमसारखे. निम्म्याहून जास्त जाळी बंद. पावसाळ्यात चेंबरमधून ऑइल गळत होतं म्हणून एका गॅरेजमध्ये तो खोलून बसवला होता. पॅकिंगवर सिलिकॉन भरभरून लावलं असणार. बाहेर आलेलं दिसतं ते बोटाने पुसतात. तेवढंच आतही जातं, ते कुणी पुसत नाही. सक्शन पाइपची ओ-रिंगही चपटी, कडक झाली होती. तिथून हवा ओढली जात असली तर नवल नाही. रिलीफ व्हॉल्व्ह पेन्सिलीने दाबून पाहिला, खरखरत सरकत होता. डिझेलमध्ये धुतल्यावर मोकळा झाला.

शेलची भीती अजून होतीच. म्हणून ऑइलचा कागदी फिल्टर ब्लेडने कापला आणि घडी उलगडून स्टीलच्या ताटात उन्हात पसरला. चुंबक फिरवला, मग नुसत्या नजरेने घडीन् घडी पाहिली. शेलचा धातू चुंबकाला लागत नाही, त्याची चमक डोळ्यांनीच शोधावी लागते. काळपट चिकटा आणि क्लचच्या बारीक धुळीखेरीज काही नव्हतं. पस्तीस हजार वाचले, ताट गेलं. आईने ते परत घरात घेतलं नाही.

नवी ओ-रिंग, नवं पॅकिंग कोरडंच, नवा फिल्टर, परत १०डब्ल्यू४०. प्लगच्या टोप्या काढून, प्लग केसला टेकवून नुसता स्टार्टर मारत राहिलो, म्हणजे इंजिन चालू होण्याआधी ऑइल सगळीकडे पोचेल. काटा शून्यावरून उठला तेव्हाच टोप्या परत लावल्या. आज, म्हणजे ऑगस्टमध्ये: गार आयडल ४.५, गरम आयडल ०.९, गरम पाच हजारांवर चार, आणि तिथेच स्थिर.

आता मीटरविषयी. काटा अजिबात फडफडत नाही, ते ग्लिसरीनचं काम. पण मार्चपासून दुपारच्या उन्हात गाडी बंद असताना काटा शून्याखालच्या पिनला दाबून बसायचा. सीलबंद डबीत ग्लिसरीन तापलं की आतला दाब वाढतो आणि मीटर तेवढं कमी दाखवतो. वर रबराची बारीक बुचकी असते, तिचं टोक कापून डबीला श्वास घेऊ द्यायचा असतो. दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कापल्यावर काटा शून्यावर आला. याचा अर्थ, उन्हातले माझे काही गरम आकडे खऱ्यापेक्षा दशांश-दोन दशांशांनी कमीच होते.

सोबत आलेली नायलॉनची नळी तिसऱ्या आठवड्यात सायलेन्सरजवळ मऊ पडली. वेळीच दिसली, नाहीतर गरम ऑइल थेट मागच्या टायरवर. ६०० रुपयांची स्टीलची जाळीवाली नळी घेतली. ती नळी हिशेबात धरणार असाल तरच हा मीटर घ्या. रात्री डायल दिसत नाही. क्लॅम्प दोनदा सैल झाला. सिंहस्थाच्या कामांनी खणलेल्या रस्त्यांवर दुसरं काय होणार.

कायमचा लावून ठेवावा असं मला वाटत नाही. हँडलवर तो काटा दिसत असला की सिग्नलला थांबल्यावर माणूस रस्त्याऐवजी त्याच्याकडेच बघतो. जूनमध्ये नळी काढून टीचं तोंड बंद केलं; मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगच्या वेळी तासाभरासाठी परत जोडला, वरचे आकडे तेव्हाचे.

सध्या मीटर कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या गाडीवर आहे. त्याला काकांकडूनच वेगळा टी करून घ्यावा लागला, त्याच्या इंजिनाचे आटे आणखी तिसरेच निघाले. त्याचा काटा गार असो की गरम, दोनवर जाऊन थांबतो. पुढे हलत नाही आणि मागेही येत नाही. रविवारी त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह खोलतोय.