काळा पाषाण आणि सोलापूरचं ऊन: मिररलेस कॅमेऱ्याचा दिवाळी ते श्रावणापर्यंतचा अनुभव

कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचताना आपल्याला हवी ती माहिती सहसा मिळत नाही. नमुन्याचे फोटो एकतर बर्फातले असतात, नाहीतर रात्री झगमगणाऱ्या एखाद्या परदेशी शहरातले. सोलापूरहून कुठल्याही दिशेला गाडी काढा, तासाभरात समोर येतं ते काळ्या पाषाणाचं बांधकाम आणि त्याच्यामागं उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. देऊळ असो, बुरूज असो की नदीचा घाट, जोडी तीच. एकाच फ्रेममध्ये इतका गडद दगड आणि इतका प्रखर उजेड सांभाळणं ही आपल्या भागातली खरी परीक्षा आहे. म्हणून हा अनुभव मी त्याच एका गोष्टीवर तोलून लिहिते आहे.

माझ्याकडचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आहे; फोटो टिपणारा त्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान आकाराचा. सोबत १८-१३५ मिमीची झूम आणि ३५ मिमी एफ १.८ ची एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं.) दिवाळीत घेतला. नाताळच्या सुट्टीत आई, हे आणि लेक असे सगळे मिळून माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, हत्तरसंग कुडल आणि नळदुर्ग फिरलो. त्यानंतर गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, हुरडा, मग उन्हाळा, आणि पाऊस लागल्यावर पुन्हा नळदुर्ग. या वर्गातले बहुतेक कॅमेरे थोड्याफार फरकानं असेच वागतात, त्यामुळे मॉडेलच्या नावापेक्षा वापराबद्दलच लिहिते.

आधी मीटरिंग, म्हणजे किती उजेड घ्यायचा हे कॅमेऱ्यानं ठरवणं, कारण निम्मा फोटो तिथंच ठरतो. समोरचा दगड मुळातच काळा आहे हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. फ्रेममध्ये जे असेल ते मध्यम करड्याच्या आसपास आणायचा त्याचा प्रयत्न असतो. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारीच औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. तिथली तटबंदी फ्रेमभर घेतली की कॅमेरा उजेड वाढवतो, दगडाचा काळेपणा जाऊन तो राखाडी दिसतो आणि वरच्या आभाळात काही उरत नाही. आता अशा ठिकाणी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) मी गाडीतून उतरतानाच उणे एकवर आणून ठेवते. मग काळा दगड काळाच येतो आणि ढगांची कड शाबूत राहते.

गड्ड्यात नेमकं उलटं होतं. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक आणि त्यांच्यामधून निघालेले सात नंदीध्वज. फ्रेमभर पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो, आणि बाराबंदी मळकी, चेहरे अंधारलेले असा फोटो येतो. तिथं अधिक एक लागतं. एक्सपोजरची वेगळी चकती बॉडीवर असणं किती महत्त्वाचं आहे ते मला या दोन जागांनी पटवलं. मेनूत शिरून बदल करायचा म्हटलं तर तोवर नंदीध्वज पुढं गेलेला असतो. चकती नसलेली बॉडी हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हा आकडा कागदावरचा वाटतो, पण मंडपाच्या सावलीतला खांब नंतर उजळून बघा. जेपीईजीत दगडावर चट्टे उठतात, रॉमध्ये छिन्नीचे घाव दिसायला लागतात. जागा मात्र जास्त लागते. एक फाइल साधारण २५ एमबीची धरली तर ६४ जीबीच्या कार्डात अडीच हजारांच्या आसपास फोटो बसतात. घरच्या सहलीला तेवढे पुष्कळ झाले.

या सगळ्या महिन्यांत कॅमेऱ्यानं सर्वांत मोठा आनंद दिला तो हत्तरसंग कुडलला. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. ‘वाछि तो विजेया होइवा’ ही त्यातली ओळ आपल्याकडं अनेकांना तोंडपाठ असते, पण प्रत्यक्ष तिथं गेल्यावर ती पटकन दिसत नाही. तुळई डोक्याच्या वर, आत उजेड कमी आणि दगड काळाभोर. बरेच लोक फ्लॅश मारून फोटो काढतात आणि निघून जातात. समोरून आलेला उजेड अक्षरांच्या खाचा भरून टाकतो, सावली उरत नाही आणि फोटोत सपाट दगड तेवढा येतो.

उजेड बाजूनं, अगदी तिरपा हवा. लेकीनं मोबाइलचा टॉर्च तुळईच्या पातळीत डावीकडून धरला. उजेड दगडाला घासून जायला लागला तशी एकेका खाचेत बारीक सावली पडली आणि अक्षरं वर आली. कॅमेऱ्याची स्क्रीन खाली वाकवता येते, त्यामुळे हात वर करून, कॅमेरा तुळईला समांतर धरून नेम घेता आला. ३५ ची प्राइम, एफ ४, शटर १/६० सेकंद, आयएसओ १६०० (आयएसओ वाढवला की कमी उजेडातही फोटो येतो, पण दाणे दिसायला लागतात). एफ १.८ वर उजेड भरपूर मिळतो, पण ओळीच्या दोन्ही टोकांची अक्षरं धूसर होतात. एफ ४ वर सगळी ओळ नीट आली. स्क्रीनवर मोठं करून आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, “नागरीच आहे की गं हे. थांब, पळवू नकोस पुढं, वाचू दे.” मग आज्जी आणि नात दोघी एकेक अक्षर बोटानं स्क्रीनवर दाखवत बसल्या. एक हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा आईनं स्वतः वाचली, तेही देवळाच्या पायरीवर बसून. माझ्या लेखी कॅमेऱ्याची किंमत त्या दुपारीच वसूल झाली.

एक कळकळीची विनंती. अक्षरं उठून दिसावीत म्हणून कुठल्याही शिलालेखावर खडू, पीठ किंवा तेल लावू नका. तिरप्या उजेडानं ते काम जास्त चांगलं होतं आणि दगडाला काही इजा होत नाही.

जवळच्याच हरिहरेश्वर मंदिराच्या आवारात बहुमुखी शिवलिंग आहे. असंख्य छोटे चेहरे एकावर एक कोरलेले. तिथं एफ ४ सुद्धा पुरत नाही. एफ ८ वर आयएसओ ३२०० पर्यंत न्यावा लागला. थोडे दाणे दिसतात, पण काळ्या दगडाच्या पोतात ते मिसळून जातात. चेहरे धूसर येण्यापेक्षा दाणे आलेले केव्हाही परवडले.

झूम की प्राइम, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. घरचे सोबत असतील तर झूम गळ्यात आणि प्राइम पिशवीत. १८ वर अख्खा घाट येतो, १३५ वर शिखरावरची मूर्ती, आणि लेन्स बदलायला कुणाला थांबवावं लागत नाही. बॉडी आणि झूम मिळून वजन किलोच्या आतच, त्यामुळे आई अर्धा दिवस गळ्यात घालून फिरली आणि तिनं काढलेल्या फोटोंत आमची माणसं माझ्या फोटोंपेक्षा मोकळी हसली आहेत. पण झूमचं तोंड १३५ वर एफ ५.६ पर्यंत आवळतं. देवळाच्या आत, हुरड्याच्या आगटीपाशी, संध्याकाळच्या ओसरीवर ती कमी पडते. मंगळवेढ्याकडच्या शेतात आगटीभोवती बसलेल्या घरच्यांचे जे फोटो आम्ही भिंतीवर लावलेत ते सगळे ३५ चे आहेत. धुरातून येणारं ऊन, चोळलेल्या दाण्यांची हिरवी ओंजळ, मागं मालदांडी ज्वारीची उभी ताटं. एपीएस-सीवर ३५ ची नजर फुलफ्रेमच्या ५२ च्या जवळपास जाते, म्हणजे माणूसही येतो आणि त्याच्या मागचं रानही येतं.

पंढरपुरात गाभाऱ्यात फोटो काढायचा प्रश्नच नसतो, कॅमेरा मुक्कामावर ठेवूनच दर्शनाला गेलो. फोटो काढायचे ते भल्या पहाटे वाळवंटात. गाव नदीच्या पश्चिमेला असल्यामुळे घाटावर उभं राहिलं की सूर्य थेट समोर, चंद्रभागेच्या पलीकडून उगवतो. पुंडलिकाचं देऊळ, नावा, स्नानाला उतरलेली माणसं सगळी उजेडाच्या विरुद्ध. इथं डोळा शोधून फोकस करणारी सोय खरोखर कामाची ठरली. चेहरा अर्धा सावलीत असला, कपाळावर बुक्का आणि गोपीचंदन असलं तरी ती डोळा सोडत नाही. फक्त डोक्यावर पदर पुढं ओढलेला असला की चाचपडते. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. विचारलं की माणसं पदर सारखा करतात, टोपी नीट करतात, आणि तो फोटो चोरून काढलेल्या फोटोपेक्षा दसपट चांगला येतो.

आता खटकलेल्या गोष्टी. सोलापूरच्या उन्हात मागची स्क्रीन अकरानंतर जवळपास दिसतच नाही. व्ह्यूफाइंडर आहे म्हणून निभावलं. आपल्याकडं राहणाऱ्यानं व्ह्यूफाइंडर नसलेला मिररलेस घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. बॅटरी एका दिवसाला पुरत नाही, दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्याखाली येते. गाडीत पॉवर बँकवर चार्ज होते ही सोय चांगली, तरी दुसरी बॅटरी हवीच. मे महिन्यात किल्ल्यावर फोर-के व्हिडिओ घेताना तापल्याची खूण यायची आणि थोड्या वेळात तो बंद पडायचा. फोटो काढायला मात्र कधी अडला नाही.

धूळ हे सर्वांत मोठं दुखणं. पुढंमागं सरकणारी झूम प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर आपली काळी माती. हुरड्यानंतर आभाळाच्या फोटोंत एफ ११ च्या पुढं काळे ठिपके दिसायला लागले. रबरी ब्लोअरनं बरेच गेले, काही चिकट राहिले आणि सेन्सर साफ करायला कॅमेरा पुण्याला पाठवावा लागला. तेव्हापासून वाऱ्यावर उभं राहून लेन्स बदलत नाही, गाडीत काचा लावून बदलते. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते.

नळदुर्गचा किल्ला दोनदा वेगवेगळा दिसला. नाताळात पाणीमहाल कोरडा, शांत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात हा महाल बांधला, आणि आतल्या खिडकीतून बाहेर बघताना पुन्हा तोच पेच: आत अंधार, बाहेर चटका देणारा उजेड. इथं मी बाहेरच्या उजेडाला धरून फोटो घेते आणि आतली कमान रॉमध्ये हळूहळू उजळते, पण पूर्ण उजळत नाही. मोबाइलनं लेकीनं तोच फोटो काढला तर महाल ट्यूबलाइट लावलेल्या हॉलसारखा आला. सगळं दिसतं, पण त्या अंधाराचा गारवा गेला.

पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे सुरू झाले की मात्र मोबाइल खिशात ठेवा. ओल्या काळ्या दगडावर आभाळाची पांढरी चमक पसरते आणि दगड चकचकीत, रंगहीन दिसतो. त्यावर उपाय म्हणजे पोलरायझर, लेन्सच्या तोंडावर लावायची चमक उतरवणारी काच. गोल फिरवत गेलं की एका जागी चमक उतरते आणि दगडाचा खरा काळा, शेवाळाचा खरा हिरवा रंग समोर येतो. दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि धबधब्याला ते सोयीचंच पडतं. कठड्याला टेकून, लेन्सच्या स्थिरीकरणाच्या भरवशावर १/८ ला पाणी मऊ आणि दगड कडक आला. ही बॉडी पाण्यापासून सुरक्षित नाही, त्यामुळे तुषारांत प्लास्टिकची पिशवी आणि सुती रुमाल लागतोच.

मेगापिक्सेलबद्दल थोडंसं. आईच्या अल्बममधला ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयला छापायला जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात. शिलालेखाचा मोठा फोटो आम्ही १२ बाय १८ मध्ये छापला, त्यालाही २४ पुरून उरले. त्याहून जास्तीसाठी पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे ३५ ची प्राइम, चांगला पोलरायझर आणि दुसरी बॅटरी यांवर घाला.

आणि घ्यायच्या आधी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढून ठरवू नका. दुकानदार ओळखीचा असेल तर थोडा वेळ मागून घ्या आणि नवी पेठेतून सरळ भुईकोट किल्ल्यात जा. दुपारच्या उन्हात तटबंदीचा एक फोटो, दरवाजाच्या सावलीतून बाहेरचा एक, आणि सोबतच्या माणसाला काळ्या भिंतीपुढं उभं करून एक. रॉ फाइल घरी उघडून सावली दोन स्टॉपनं उजळा. दगडाचे सांधे स्वच्छ दिसले आणि माणसाच्या कातडीचा रंग बिघडला नाही, तर तो कॅमेरा घ्या.