अंजन आणि हळदूचे लाकडी पेन: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास इथे इंदूरमध्येच एका खरादवाल्याकडून (लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून) दोन बॉलपेन करून घेतले, एक अंजनाचा आणि एक हळदूचा. तेव्हापासून ऑफिसात, घरी सगळीकडे तेच वापरतोय, आता पावसाळाही सरत आला. नव्या पेनचे चकाचक फोटो सगळे टाकतात, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर त्याचं काय होतं ते कोणी सांगत नाही म्हणून एवढं लिहितोय.

अंजन आधी, कारण जीव त्याच्यावर आहे. झाड आपल्या निमाडातलं, खंडवा-बुऱ्हाणपूरकडचं, आणि लाकूड असं जड की पाण्यात टाकलं तर तळाशी जातं. माझा तुकडा मामांकडच्या मोडक्या बैलगाडीच्या चाकातला, कितीतरी वर्षं पडून सुकलेला, आणि खरा फायदा तोच झाला. पेनमध्ये लाकूड असतंच किती हो, आत ७ मिमीची पितळी नळी चिकटवतात आणि वरचं लाकूड कातत आणतात तेव्हा टोकाला मिलिमीटरभरही जाडी उरत नाही. एवढ्या पातळ लाकडात ओल असेल तर मे महिन्यात ते आकसतं, नळी काही आकसत नाही, मग तडा जातो. माझ्या पेनला इंदूरच्या भर उन्हाळ्यातही केसाएवढी रेघ पडली नाही. त्याला फक्त तेल आणि मेण लावलंय. सुरुवातीची चमक महिन्याभरात गेली पण हाताच्या वापराने असा काही गडद तांबूस-काळा रंग आलाय आणि बोटांना असा मऊ लागतो की दुसरा पेन धरवत नाही.

हळदूचा नवा होता तेव्हा पिवळाधमक, बघत राहावं असा. टेबल खिडकीपाशी आहे, तर रंग उतरून आता तपकिरीकडे झुकलाय. हे त्या लाकडात होतंच, तक्रार नाही. तक्रार फिनिशची आहे. त्यावर सुपरग्लूचे थर देऊन काचेसारखं पॉलिश केलं होतं, पावसाळ्यात मधल्या रिंगपाशी थर सुटला आणि खाली पांढुरका डाग आला. टोकाचं कापलेलं लाकूड सील केलेलं नव्हतं, ओल तिथूनच शिरली. करून घेताना हे आवर्जून विचारा, आणि शिसव किंवा रक्तचंदन म्हणून कोणी देत असेल तर लाकूड आलं कुठून तेही विचारा. घरातली जुनी चौकट, नांगर, चाक असेल तर त्यातलाच तुकडा द्या, त्याच्यासारखं सुकलेलं लाकूड विकत मिळणं कठीण.

अजून एक, या बारीक ७ मिमीच्या किटमध्ये (किट म्हणजे नळी, टोक, क्लिप असे पेनचे तयार सुटे भाग) क्रॉस टाइप म्हणजे बारीक रिफिल लागते, इथल्या खजुरी बाजारात पार्कर टाइप म्हणजे जाड रिफिल मागाल तिथे मिळते पण ही शोधत फिरावं लागतं आणि महागही पडते. पेन थोडा जाड चालत असेल तर किट पार्कर रिफिलचंच घ्या.