जरीचा काठ काळवंडला म्हणून विकलेली पैठणी

सासूबाईंच्या लग्नातली पैठणी मी तीन हजार रुपयांना विकली आणि विकताना एका कटकटीतून सुटल्याचे समाधानही मला वाटले. ज्यांच्या कपाटात जुन्या जरीच्या साड्या आहेत, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून झाला प्रकार लिहीत आहे.

आधी चूक माझीच झाली. पैठणी माझ्याकडे आली तेव्हा ती जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली होती. ते फडके मला कळकट वाटले, म्हणून मी ते काढून टाकले, साडी चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातली, घड्यांमध्ये चार डांबरगोळ्या सोडल्या आणि वरच्या कप्प्यात ठेवून दिली. त्यानंतर चार पावसाळे गेले, तरी मी ती एकदाही उलगडली नाही. एका लग्नासाठी बाहेर काढली तेव्हा काठ धुरकट काळा झाला होता, पदरावरचे मोर ओळखू येत नव्हते, आणि गोळ्या जिथे जरीला टेकल्या होत्या तिथे वेगळेच डाग पडले होते.

आमच्या इमारतीत साड्यांना रोल पॉलिश करून देणारे एक गृहस्थ अधूनमधून येत असत. मी त्यांना पैठणी दाखवली. त्यांनी ती दिवाणावर पसरली, ओला रुमाल काठावरून फिरवला आणि त्याला लागलेला काळा रंग माझ्यासमोर धरला. "ताई, सोन्याची जर असती तर अशी काळवंडली असती का?" मग नखाने एक तार खरवडून आतला तांबूस धागा दाखवला. "हे बघा, तांबे आहे. आता हे रेशीम खाणार आणि शेजारच्या साड्यांनाही लागणार." पॉलिशचा काही उपयोग नाही, पण रेशमासाठी म्हणून आपण तीन हजार देऊ, असे ते म्हणाले. शेजारच्या साड्यांचे नाव निघताच मी घाबरले, हे कबूल करते.

जाताना त्यांनी सहज विचारले, "हिच्यावरचे पोलके आहे का?" कुजलेली साडी नेणाऱ्याला जुने पोलके कशाला हवे, हा साधा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. पोलके सापडले नाही, म्हणून ते वाचले.

ते दोन महिन्यांनी एका गाठोड्यात मिळाले. बाहीला तोच काठ होता आणि तोही काळाच होता. एका कामासाठी सोनाराकडे गेले होते, तेव्हा शिवणीतून निघालेल्या त्या जरीच्या चार-पाच तारा सोबत नेल्या. सोनाराने त्या चिमट्यात धरून बकनळीने, म्हणजे ज्योत फुंकायच्या नळीने, तापवल्या. केस जळल्यासारखा वास आला, कारण आतला धागा रेशमाचा होता, आणि शेवटी मोहरीहूनही लहान असा पांढरा मणी उरला. कसोटीवर घासून ते म्हणाले, चांदी आहे.

मग सगळा उलगडा झाला. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. तो मुलामा झिजला की चांदी उघडी पडते, आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काळी पडते, जशी देवघरातली चांदीची निरांजने पडतात. प्लॅस्टिकच्या फितीची जर मात्र अशी काळवंडत नाही आणि जाळली तर वितळून तिची गोळी होते. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली नकली जरही कळाहीन होते, त्यामुळे नुसत्या रंगावरून कोणताच निकाल देता येत नाही. राहिला तो तांबूस धागा. जुन्या खऱ्या जरीत आतले रेशीम अनेकदा लाल रंगवलेले असते. मला तांबे म्हणून दाखवले ते हेच रेशीम होते! ज्या दोन खुणांवरून त्या गृहस्थांना जर खरी असल्याचे कळले असणार, त्याच त्यांनी मला खोटेपणाचा पुरावा म्हणून दाखवल्या.

तक्रार करायला माझ्या हाती काहीच नव्हते. पावती नाही, साडीचा फोटो नाही, आणि विक्री मी स्वखुशीने केलेली. ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

जरीचा काठ काळा पडला असेल तर साडी दारावर आलेल्या कोणालाही दाखवू नका. आधी पदराच्या टोकाची किंवा शिवणीतली एखादी सुटी तार सोनाराकडून तपासून घ्या. घरी चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून काठ घासू नका, त्याने रेशमाचा रंग जातो. साडी पॉलिशला द्यायचीच असेल तर पदर आणि काठ यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि "जुनी जर" असे पावतीवर लिहून घ्या.

माझ्या उरलेल्या साड्या आता धुतलेल्या मलमलीत आहेत. वेखंडाची पुरचुंडी कप्प्याच्या कोपऱ्यात असते, जरीला टेकत नाही. पावसाळा सरला की एका कोरड्या दिवशी साड्या सावलीत पसरते, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलते, कारण जरीची तार एकाच रेषेवर सतत दुमडली की तिथेच तुटते. प्रत्येक गाठोड्यात एक चिठ्ठी आहे: कोणाची साडी, कधीची, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलेले वजन. पोलक्याच्या चिठ्ठीला तो मणी कागदात बांधून टाचला आहे.