नारिंगी पाठीचा नर आणि मागचा पांढरा पाइप

अडतीस हजार रुपये गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त राग येतो तो या गोष्टीचा की ज्याने फसवलं, त्याची बहुतेक वाक्यं खरी होती. फेअरी रॅस हे समुद्रातले छोटे, रंगीत मासे. ते विकताना फसवणारे याच खरेपणाच्या आडोशाला उभे राहतात. म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहिते आहे.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. इथे मरीन टँक ठेवायचा म्हणजे आरओचं पाणी साठवायचं, त्यात मीठ कालवायचं, घनता १.०२५ वर आणायची आणि वीज गेली की धावपळ करायची. दगड सगळे सिरॅमिकचे. पोवळी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत, ती मला नकोतच. चार फुटी टँक नीट बसला तेव्हापासून त्यात फेअरी रॅस असावेत असं मनात होतं. नर आपल्या माद्यांपुढे पंख फुलवून रंग पेटवतो ते एकदा पाहिलं की दुसरा मासा डोळ्यांत भरत नाही.

दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. जांभळट अंग, वर पेटल्यासारखी नारिंगी पाठ. "ताई, ऑरँटिडॉर्सालिस आहे, तोमिनी आखातातला. परत मिळणार नाही." सुलावेसी बेटाच्या त्या आखातातल्या या जातीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं, हे मला वाचून माहीत होतं. आपल्याकडे तो मासा येणं म्हणजे दुर्मीळच. नराचे २६ हजार आणि "त्याच्याच दोन माद्या" प्रत्येकी सहा हजार. मी यूपीआयने पैसे पाठवले.

पार्सल आलं. तिन्ही मासे जिवंत होते, पण नर फिकट विटकरी दिसत होता. फोन केला तर म्हणाला, "प्रवासाने रंग उडतो ताई. पंधरा दिवस द्या." हे खरं आहे. प्रवासाच्या ताणाने रंग उतरतो, खाणं नीट नसेल तर उतरतो, मादी समोर नसली तर नर महिनोन् महिने फिका राहतो. मी पंधरा दिवस दिले, मग आणखी पंधरा. मासा खायला लागला, तजेला आला, माद्यांपुढे पंख फुलवू लागला. डोकं लालसर नारिंगी झालं. पाठ मात्र हिरवट पिवळीच. "हा रीजनल व्हेरिएंट आहे," असं नवीन उत्तर आलं.

आमच्या गल्लीत विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी टँकचा निळा लाइट बंद करायला लावला आणि साधा पांढरा टॉर्च मागितला. "अगं, रंग हा फितूर होणारा साक्षीदार. खुणा बघ, खुणा." मासा काचेजवळ आला तेव्हा त्यांनी कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेवर बोट धरलं. तिथे गर्द जांभळी चंद्रकोर होती, नखाच्या कडेला नेलपॉलिश राहून जावं तेवढी बारीक. लालसर डोकं आणि ही जांभळी कड, ही सोलोरेन्सिस या दुसऱ्याच जातीची ओळख. १८५३ मध्ये डच मत्स्यशास्त्रज्ञ ब्लीकरने नाव दिलेला, इंडोनेशियातल्या सोलोर बेटावरून ओळखला जाणारा, बाजारात बऱ्यापैकी नेहमी येणारा मासा. नंतर असाच नर एका दुकानात साडेचार हजारांना पाहिला.

मग पाठ नारिंगी दिसली कशी? रात्री तो व्हिडिओ मी एकेक फ्रेम थांबवून पाहिला. माशाच्या मागे पाण्याचा पीव्हीसी पाइप होता. पांढरा असायला हवा तो पाइप नारिंगी होता, तळाची वाळूही नारिंगी होती. सगळा व्हिडिओच रंगवलेला. आणि एका फ्रेममध्ये मासा वळताना कल्ल्याची जांभळी कड स्वच्छ दिसत होती. ती आधीपासून माझ्या फोनमध्ये होती, मी फक्त पाठ बघत बसले होते.

माद्यांची गोष्ट तर याहून वाईट. या जवळच्या जातींच्या माद्या आणि पिल्लं इतकी सारखी असतात, लालसर अंग आणि शेपटीच्या बुंध्याशी वरच्या बाजूला काळा ठिपका, की "ही अमुक जातीची मादी" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर तिथेच थांबावं. मला हे फार उशिरा कळलं. चार महिन्यांनी टँक साफ करताना जाळीचं झाकण थोडा वेळ बाजूला ठेवलं आणि नर बाहेर उडाला. फेअरी रॅस उड्या मारतात हे माहीत असूनही झालं. स्टँडच्या मागे सापडला तेव्हा कोरडा पडला होता. त्याचा यात काय दोष होता?

या माशांत सगळे मादी म्हणूनच वाढतात आणि नर गेला की मोठी मादी नर होते. आमच्याकडेही मोठी हळूहळू पालटू लागली. दोनेक महिन्यांत तिच्या छातीच्या पंखामागे गडद निळ्या खवल्यांचा पट्टा उमटला, आणि कल्ल्यावर जांभळी चंद्रकोर नाहीच. तो सायनोप्ल्यूरा या तिसऱ्याच जातीचा निघाला. म्हणजे तिघांत निदान दोन जाती, आणि ओळख पटली त्या दोघांत जी विकली ती जात नाहीच.

"रीजनल व्हेरिएंट" हा शब्द फार सांभाळून ऐका. प्रादेशिक रंगभेद खरोखर असतात. एक्झ्क्विझिटस या जातीचा फेअरी रॅस पूर्व आफ्रिकेपासून थेट प्रशांत महासागरातल्या तुआमोतू बेटांपर्यंत सापडतो आणि दोन्हीकडचे नर वेगळे दिसतात. जवळच्या जातींचे संकरही होतात. कधी तर व्हेरिएंट म्हणवणारा मासा वेगळीच जात ठरतो. मालदीवचा गुलाबी फिनिफेनमा आधी हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या रुब्रिस्क्वामिसमध्येच मोजला जायचा. २०२२ मध्ये यी-काई टी, अहमद नजीब आणि सहकारी अभ्यासकांनी त्याला वेगळी जात ठरवलं तेव्हा रंगाबरोबर खवल्यांची संख्या आणि पाठीच्या पंखाच्या काट्यांची उंचीही मोजली होती. जिथे अभ्यासक काटे मोजतात, तिथे विक्रेता फोनवर दोन सेकंदांत "व्हेरिएंट" म्हणून मोकळा होतो. मासा कुठून आला याचा आयातीचा कागद नसेल तर आफ्रिकन, मालदीव, तोमिनी हे सगळे शब्द भाव वाढवण्यापुरते आहेत असंच धरा.

आता मी मागते ते इतकंच. पांढऱ्या उजेडात, माशाशेजारी पांढरा कागद किंवा कप धरून काढलेला, न कापलेला व्हिडिओ, दोन्ही बाजूंचा. डोकं आणि कल्ल्याची कड जवळून. आणि बिलावर जातीचं पूर्ण नाव. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार द्यायला बसले तेव्हा बिल काढून पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, "मरीन फिश, ३ नग". तीन मरीन फिश मला मिळालेच होते. चॅटमध्ये त्याने जात लिहिली होती, पण ते मेसेज त्याने केव्हाच डिलीट केले होते आणि मी स्क्रीनशॉट ठेवले नव्हते. पैसे देण्याआधी ठेवा.

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर तोच व्हिडिओ पुन्हा आला. तोच मासा, जो माझ्याकडे चार महिने जगून मेला. मागचा पाइप नारिंगीच आहे. भाव आता ३० हजार सांगतात.