विजेची चादर: पाच महिने रोज वापरल्यानंतर

गादीवर पसरायची विजेची चादर घरी आणली तेव्हा माझी यथेच्छ टिंगल झाली. "आता माणसंही इस्त्री करून झोपणार," असं वडील म्हणाले. पाच महिने रोज वापरली. थंडी सरली, चादर कपाटात गेली, आता तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

आधी विजेचा हिशेब, कारण घेतली ती त्यासाठीच. आमचा हीटर २००० वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिट. संध्याकाळी चार तास सलग चालला की आठ युनिट जळणार, आणि बंद केल्यावर खोली बघता बघता पुन्हा गार. ही चादर जास्तीत जास्त १०० वॅट खाते. पूर्ण आचेवर आठ तास ठेवली तरी ०.८ युनिट. तेवढ्या आचेवर कुणाला झोपच लागायची नाही, ती गोष्ट वेगळी. मी प्लगला छोटा मीटर जोडून पंधरा दिवस पाहिलं, रात्रीचा आकडा अर्ध्या युनिटच्या वर एकदाही गेला नाही.

"ऑइलवाला हीटर घ्यायचा ना, तो कमी खातो" हा सल्ला मला निदान चौघांनी दिला. विजेच्या तारेने तापणारा कुठलाही हीटर एका युनिटमधून तेवढीच उष्णता काढतो. कुणी ती लगेच फेकतो, कुणी सावकाश. एसीचा गरम हवेचा मोड मात्र खरोखर वेगळा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे फार कडाका नसेल तर एका युनिटमागे दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. ज्यांच्याकडे तसा एसी आहे त्यांनी हीटर लावूच नये.

चादरीला एवढ्या कमी विजेत कसं जमतं? हीटर खोलीभरची हवा तापवतो, ती छताला जाऊन बसते आणि आपले पाय गारच राहतात. चादर अंगाखाली, वर रजई. उबेला पळायला वाट नाही. शिवाय स्वस्थ पडलेल्या माणसाचं शरीरही ८०-१०० वॅट उष्णता सोडत असतंच, रजई ती धरून ठेवते. त्यामुळे चादरीची खरी गरज गार गादीत शिरतानाच्या पहिल्या वीस मिनिटांपुरतीच. मी झोपण्याआधी अर्धा तास लावते, आत शिरले की सगळ्यात कमी आचेवर आणते, आणि मध्यरात्री जाग आली तर चक्क बंद करते.

आता तक्रारी. पायाशी जिथे वायर आत शिरते तिथे एक गाठ आहे, टाचेला रोज लागते. कंट्रोलरचा दिवा इतका लख्ख की त्यावर काळी टेप लावावी लागली. तिसऱ्या महिन्यात कंट्रोलर बंदच पडला. बदलून मिळाला, पण त्यासाठी दोन आठवडे रोज फोन. आणि सगळ्यात मोठी गोची सकाळची. गादी उबदार, खोली बर्फ! पांघरुणातून एक हात बाहेर काढून मोबाइलचा गजर बंद करायचा आणि हात परत आत, असं अर्धा तास.

म्हणून मग खोलीकडेही लक्ष द्यावं लागलं. हात ओला करून दाराखिडक्यांच्या कडेने फिरवला. जिथे गार झुळूक लागली तिथे पेन्सिलने खूण केली. बाल्कनीच्या दाराखाली तर बोट जाईल एवढी फट निघाली! तिथे रबराची पट्टी, खिडक्यांना फोमची पट्टी, वर जाड पडदे, पलंगापाशी सतरंजी. दिवसा ऊन आलं की पडदे सताड उघडे, मावळलं की बंद. एवढ्याने हीटर सकाळच्या वीस मिनिटांवर आला.

एक चूक केली, ती सांगते. हौसेने सगळंच बंद केलं. महिनाभरात काचांवरून पाण्याचे ओघळ आणि कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी. श्वासाची, आंघोळीची, ओल्या कपड्यांची वाफ जाणार कुठे? आता सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडते. हवा बदलते, भिंती मात्र तेवढ्यात थंड होत नाहीत. ज्यांच्याकडे गॅसवर किंवा लाकूड-कोळशावर काही पेटतं त्यांनी तर हवा यायची वाट बुजवूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वडिलांना ही चादर मी अंगाखाली देत नाही. त्यांना मधुमेह आहे आणि तळपाय बधिर. चटका बसला तरी कळायचा नाही. त्यांची गादी आधी तापवायची, ते झोपायला आले की प्लग काढायचा, चादर ओढून घ्यायची. तान्ह्या बाळासाठी तर नकोच नको. आणि गरम पाण्याची पिशवी सोबत घेऊ नये: पिशवी गळली की खाली वीज.

चादर ठेवताना घडी घालू नका, आतली तार मोडते. मी सैल गुंडाळी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे आणि "यावर काही ठेवू नये" असा कागद चिकटवला आहे. काल त्या कागदावर वडिलांची सुटकेस होती.